दळणाचा ळ

फोर्टात, कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर
शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन लागलंय.
मी दुसऱ्या वर्षाची.
बोटाला पट्टी आहे, कारण
हेमांगी पागधरेचे सदतीस माउंटबोर्ड
परवा रात्री मी कापले.

दारातच एक पोस्टर. नुसती पांढरी जागा
आणि खाली कोपऱ्यात मुंगीएवढं ‘मौन’.
शेजारी वॉचमनने मार्करने लिहून चिकटवलेला कागद :
पायरी आहे. खाली बघा.
येणारा प्रत्येक जण तेवढंच वाचतो.

आत गोळ्यांची पाकिटं, भरती-ओहोटीचं कॅलेंडर,
एका बंद पडलेल्या सोडा कंपनीची नवी लेबलं.
प्रत्येकापुढे मी मान थोडी कलती करते,
सगळे करतात तशी.
हेवा वाटला की मी
अक्षरांमधली अंतरं तपासत बसते.

हेमांगीची भिंत अगदी टोकाला.
ठाकूरद्वारच्या एका पिठाच्या गिरणीत
डब्यांवर खडूने लिहिलेलं ती वर्षभर टिपत होती :
गहू बारीक, साखळकर.
भाजणी. घाई नाही.
हरभरा डाळ, पोतनीस, पैसे दिले.
त्या हातावरून तिने फॉन्ट केला. नाव ‘दळण’.
मधोमध दोन फुटी ळ,
काळाभोर, गुळगुळीत,
कुणी लिहिलाच नसावा, आपोआप उगवला असावा असा.

परीक्षक म्हणे बराच वेळ उभे होते. काय तोल आहे, म्हणाले.

तो तोल पहाटे तीन वाजता मी आणलाय.
‘कडा साफ कर फक्त’ म्हणून फाइल माझ्याकडे आली.
ळची डावी वाटी तळाशी उघडी होती, केसभर.
मला वाटलं, स्कॅन नीट आला नाही.
दोन बिंदू ओढले, जुळवले,
आणि गार झालेला चहा संपवला.

साडेचारला ते आले.
इस्त्रीचा शर्ट, केस चापून,
घड्याळाच्या पट्ट्याच्या भोकांत पीठ.
हेमांगीने ओळख करून दिली, टाळ्या झाल्या,
त्यांचे हात खिशात जाऊन परत बाहेर आले.
मग ते भिंतीजवळून सावकाश चालले,
आपल्याच चाळीतली दारं ओळखावीत तसे :
‘हा ग माझा, पोट सुटलेला.
हा भ माझा. हा ह तर कुठंही ओळखीन.’
आणि ळपाशी थांबले.

‘हा नाही आपला.’

‘तुमचाच काका. डाळीच्या डब्यावरचा.’

‘डबा असंल. पण आपला ळ मिटत नाही.
खडू टेकला की उचलायचा, मागं लोक उभे असतात.’
मग तिचा चेहरा बघून :
‘चांगलाय. छान नटवलाय.
नवरदेवासारखा दिसतोय.’

सगळे हसले. मीही.
पट्टीखाली बोट ठसठसत होतं.
तेव्हाच सांगायचं, एवढीशी तर गोष्ट.
मी पुढे झाले आणि विचारलं,
‘पाणी आणू का तुम्हाला?’

निघताना त्यांना अभिप्रायाची वही दिली.
आता मागे कुणी उभं नव्हतं,
पंखा होता, खुर्ची होती,
पेन जेलचं, नवं.
ते बसून, जीभ दातांत धरून, लिहीत राहिले.

ते गेल्यावर मी वही ओढली.
वर कुणाचं तरी ‘अप्रतिम!!!’,
त्याखाली :
सर्व ठीक. पायरीची पाटी उत्तम.
दशरथ काळोखे.

ळची डावी वाटी उघडी.
केसभर.

शाई ओली होती अजून.
मी पुढे केलेलं बोट मागे घेतलं.